सातव्या रांगेतला पट्टा

धुण्याच्या द्रावातून जेलची पट्टी वर काढून ताईने ती दिव्याच्या काचेवर ठेवली. पट्टीवर दहा रांगा होत्या, दहा जणांच्या रक्ताच्या. नऊ रांगांत सगळं जिथल्या तिथे होतं. सातव्या रांगेत मात्र, जिथे नुसता धूसर निळा फराटा दिसायला हवा, तिथे एक पट्टा उभा होता. आखीव, गडद, पेन्सिलीने रेघ ओढावी तसा. आणि सातवी रांग तिच्या धाकट्या भावाची होती.

तिने चष्मा पुसून पाहिलं. पट्टी उलटी करून पाहिली. दिवा बंद करून पुन्हा लावला. पट्टा होता तिथेच होता.

ताई म्हणजे रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतली ताई. बावीस वर्षं ती तिथे होती आणि सफाईवाल्यांपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे तिला ताईच म्हणत, त्यात तिच्याहून वयाने मोठेही आले. तिचं काम रक्तातली प्रथिनं वेगवेगळी करून बघण्याचं. प्रथिनं म्हटलं की लोकांना अंडी आणि दंड फुगवणारी पोरं आठवतात, आणि ताईचं डोकं फिरतं ते नेमकं तिथे. "खाण्याचं काय घेऊन बसलात, ती काय करतात ते बघा," असं ती शिकाऊ मुलींना दटावायची. वीस प्रकारच्या मण्यांची लांबच लांब माळ, एवढंच प्रत्येक प्रथिनाचं भांडवल. पण माळ पुरी झाली की ती आपली आपण दुमडते, आणि जशी दुमडेल तसं तिचं काम ठरतं. एकाच कागदाची घडी बदलली की होडीची टोपी होते ना, तसं. केसांत आणि नखांत ती पिळाची दोरी होऊन बसते, आतड्यात अन्नाचे तुकडे करते, तांबड्या पेशीत चार माळांची गाठोडी होऊन प्राणवायू वाहून नेते. घडी चुकली की काम बिघडलंच.

आणि रक्त गोठल्यावर जो पिवळा द्रव सुटतो, त्यातली प्रथिनं ताईच्या जेलवर, त्या पातळ लिबलिबीत पट्टीवर, यायची. वीज सोडली की प्रत्येक जण आपापल्या वेगाने धावत सुटे. सगळ्यात पुढे अल्ब्युमिन. तो हमाल, रक्तात पडेल ते ओझं वाहणारा. त्याच्या मागे काही किरकोळ मंडळी, मग लोह वाहणारा, आणि सगळ्यात शेवटी रेंगाळत येणारे पहारेकरी, म्हणजे रोगांशी लढणारी प्रतिपिंडं. पहारेकऱ्यांच्या हजारो जाती, प्रत्येकाचा आकार जरा वेगळा, प्रत्येकाची चाल वेगळी. म्हणून त्यांचा पट्टा उमटत नाही, फराटा उमटतो. तिथे आखीव पट्टा दिसला, तर एकाच आकाराचा पहारेकरी लाखोंनी तयार होतो आहे असं समजायचं. हाडांच्या मगजात एक पेशी माजली आहे आणि आपल्यासारख्याच पेशी काढत सुटली आहे, हाडं पोखरत. त्या रोगाचं नाव ताईने परक्यांच्या रिपोर्टांवर कितीदा तरी लिहिलं होतं. भावासाठी ते नाव तिला मनातल्या मनातसुद्धा घेववेना.

भावाला ती बारक्या म्हणायची. हा बारक्या चव्वेचाळीस वर्षांचा, नव्वद किलोचा, फरशी बसवणारा मिस्त्री. दगड कापताना ज्याचा हात कधी हलला नाही, तो सुई पाहिली की पांढराफटक पडायचा. दोन महिने त्याची कंबर धरली होती. डॉक्टरकडे जा म्हटलं की 'उद्या', आणि हा उद्या काही उजाडत नव्हता. शेवटी एका रविवारी ताईच पर्समध्ये सुया आणि नळ्या घालून त्याच्या घरी थडकली. भावजयीने त्याचा दंड धरला, आठ वर्षांच्या भाचीने डोळे झाकले, स्वतःचे नव्हे, बापाचे. तरी त्याने हात ओढलाच. नळी ताईच्या हातातून निसटली आणि कपाटाखाली गेली. तिने पर्समधून दुसरी काढली आणि रक्त घेतलं. नंतर घरभर हसाहशी झाली, आणि बारक्या दिवसभर दंडाला कापूस लावून हिंडला.

हे सगळं नियमाबाहेरचं होतं. नोंदवहीत नाव चढवल्याशिवाय कुणाचं रक्त तपासायचं नाही, नातेवाइकाचं तर नाहीच, हे शिकाऊ मुलींकडून ताईच घोकून घ्यायची. सोमवारी सकाळी तिने बारक्याची नळी इतर नळ्यांबरोबर फिरत्या यंत्रात घातली, वरचा पिवळा द्रव छोट्या कपात काढला, कपावर 'बा' एवढंच लिहिलं आणि नळी लगेच टाकून दिली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही. त्या पाच मिनिटांत तिचं लक्ष हातांपेक्षा दाराकडे जास्त होतं.

आणि आता हा पट्टा. तिने नऊ जणांचे रिपोर्ट लिहिले. सातव्या रांगेपुढे 'रिकामी' असं लिहिलं. बावीस वर्षांत त्या वहीत तिने लिहिलेलं हे पहिलं खोटं. मग पट्टी रुमालात गुंडाळून तिने खणाच्या तळाशी सारली.

रोज संध्याकाळी घरी जाताना बसथांब्यावरून ती बारक्याला फोन करायची. पाचच मिनिटं, आणि त्यातली चार एकमेकांची टर उडवण्यात जायची. त्या दिवशी तिने फोन केला नाही. बोलायला तोंड उघडलं की आवाजातून सगळं बाहेर पडेल, याची तिला धास्ती होती. दुसऱ्या दिवशीही केला नाही. तिसऱ्या दिवशी त्याचाच आला. ती पडद्यावर त्याचं नाव बघत राहिली, वाजणं थांबेपर्यंत बघत राहिली, आणि मग 'कामात आहे' असा निरोप पाठवून दिला. भावजयीचाही आला. तोही तिने घेतला नाही.

भीती तशी तिला नवी नव्हती. पण ही वेगळी होती, कारण हिला माहिती होती. दुसऱ्या कुणाला कंबर दुखते म्हटलं तर कंबरच दिसते. ताईला मणके दिसायचे, त्यातली भोकं दिसायची. भाजी चिरताना सुरी थांबायची. बारक्या आत्ता गुडघ्यावर बसून फरशी उचलत असेल, या एका विचाराने ती चिरणं सोडून उठायची, कारण पोखरलेलं हाड नुसत्या वजनाने मोडतं हे ती जाणून होती. मग त्याला ताबडतोब सांगायला नको का? हवं. हे तिला कळत नव्हतं असं नाही. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे का तिला कुणी शिकवायला हवं होतं? पण ती झाकून बसली होती, दोन्ही हातांनी. मी बोलले नाही तोवर ते खरं नाही, असं काहीतरी पोरकट तिच्या मनाने धरून ठेवलं होतं.

नवव्या दिवशी मास्तरांना ती पट्टी सापडली. मास्तर म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख, तीन महिन्यांनी निवृत्त होणारे, ताईला हे काम ज्यांनी शिकवलं ते. कात्री शोधायला म्हणून त्यांनी तिचा खण उघडला होता.

"ही कुणाची?" त्यांनी रुमाल उलगडत विचारलं.

"एका पेशंटची."

"पेशंटच्या पट्ट्या तू रुमालात गुंडाळतेस होय?"

ताई स्टुलावर बसली ती बसलीच. रविवार, कपाट, 'बा' लिहिलेला कप, खोटं लिहिलेली ओळ, सगळं तिने सांगितलं. मग पट्टी दिव्याकडे नेऊन, मान तिरकी करून मास्तरांनी बराच वेळ पाहिली.

"नळीचं टोपण कुठल्या रंगाचं होतं?"

"लाल. म्हणजे काय, लालच." आणि ती थांबली. लाल टोपणाची नळी कपाटाखाली गेली होती. दुसरी तिने पर्समध्ये न बघताच ओढली होती. पर्समध्ये लाल होत्या, जांभळ्याही होत्या.

हा फरक ती दर वर्षी शिकाऊ मुलींना पहिल्याच आठवड्यात सांगायची. लाल टोपणाच्या नळीत रक्त गोठतं. जांभळीत औषध असतं, ते रक्ताला गोठू देत नाही. रक्तात एक प्रथिन आहे, फायब्रिनोजेन. एरवी ते लांबुळकं, मुकाट, विरघळून हिंडत असतं. जखम झाली की त्याचीच सुतं होतात, सुतांचं जाळं होतं आणि रक्त थांबतं. लाल नळीत ते गाठीत अडकून जातं. जांभळीत ते द्रवातच राहतं आणि जेलवर धावतं, आणि थांबतं ते नेमकं लोह वाहणारा संपून पहारेकरी सुरू होतात तिथे. आखीव, गडद, थेट त्या रोगासारखं.

"जांभळी असेल, तर हा पट्टा त्या सुताचा," मास्तर म्हणाले. "भावाला काही झालेलं नाही."

"असेल तर."

"नळी बघू."

"टाकली."

"आणि उरलेला द्रव?"

"तोही."

मास्तरांचा आवाज चढला. "रिपोर्ट हातात पडेपर्यंत नळी टाकायची नाही, हे इथे कोण ओरडून सांगत असतं गं?"

नऊ दिवसांत ताईच्या मनात एकदाही टोपणाचा रंग आला नव्हता. परक्या कुणाची पट्टी असती, तर तिने पहिला प्रश्न तोच विचारला असता.

"मग पुन्हा रक्त घे. आजच."

वाचणाऱ्याला वाटेल, हिने आता उडी मारून जायला हवं. पण ताई जागची हलेना. काल ती नुसती घाबरली होती. आज तिच्या हातात आशा आली होती, आणि आशा आली की गमावायला काहीतरी असतं. पुन्हा रक्त घेतलं आणि पट्टा पुन्हा तिथेच उभा दिसला, तर मग टोपण नाही, नळी नाही, पळायला वाट नाही. त्यापेक्षा हे 'असेल' बरं, असं तिला वाटून गेलं आणि त्या वाटण्याची तिला लाज वाटली.

"उद्या घेते, मास्तर."

मास्तरांनी कपाटातून दोन नळ्या काढून तिच्या तळहातावर ठेवल्या. "कुठला रंग?"

"लाल."

"दुसरीचा? मोठ्याने म्हण."

"लाल. दोन्ही लाल."

"नीघ आता."

बारक्याच्या घरी ती पोचली तेव्हा अकरा वाजले होते. भर दिवसा तो घरी असेल असं तिला वाटलं नव्हतं, कामाची जागा भावजयीला विचारून तिकडे जायचं ठरवून ती आली होती. दार भावजयीने उघडलं. तिचे डोळे सुजलेले होते. चहा ठेवते म्हणाली आणि तिथेच उभी राहिली. ताईची नजर तिच्यामागे स्वयंपाकघरात गेली.

स्वयंपाकघराला फरशी होती. दिव्याखाली अंधार तसं या घराचं होतं. गावभर फरश्या बसवणाऱ्या मिस्त्रीच्या स्वयंपाकघरात सहा वर्षं नुसता ओबडधोबड कोबा. भावजय त्यावरून सहा वर्षं भांडत होती, आणि तो सहा वर्षं 'उद्या' म्हणत होता. आता तिथे भिंतीपासून भिंतीपर्यंत फिकट करड्या फरश्या होत्या, सांधे एका रेषेत, कोपरे साफ पुसलेले. त्या दुखऱ्या कमरेने, या नऊ दिवसांत.

बारक्या आतून आला. रोजच्यासारखं 'या बाईसाहेब, वाट चुकलात वाटतं' असं काही म्हणाला नाही. खुर्ची ओढून बसला, बाही वर केली आणि हात पुढे केला.

"किती दिवस आहेत?" त्याने विचारलं.

"कशाचे किती दिवस?"

"ताई, नऊ दिवस तुझा फोन नाही. आई गेली त्या दिवशीसुद्धा तू केला होतास."

ताईला वाटलं होतं, आपण गप्प राहून त्याला वाचवतो आहोत. त्याने तर पहिल्या तीन दिवसांतच सगळं ओळखलं होतं, आणि तेही चुकीचं की बरोबर हे सांगायला कुणी नसताना. तिने मग सांगितलं. पट्टा सांगितला, जांभळं टोपण सांगितलं, आणि मला खरंच माहीत नाही हेही सांगितलं. भावजय भिंतीला टेकून ऐकत होती.

"घे," तो म्हणाला.

ताईला पहिल्यांदा शीर सापडली नाही. सुई बाहेर काढून पुन्हा घालावी लागली. तो सुईकडेच बघत होता. त्याने हात ओढला नाही, तोंड फिरवलं नाही, 'आई गं' केलं नाही. बावीस वर्षांत तिने शेकडो भित्री माणसं पाहिली होती, पण या न घाबरणाऱ्या माणसाची तिला जेवढी भीती वाटली तेवढी कुणाची वाटली नव्हती.

"मी येणार तुझ्याबरोबर," तो उठत म्हणाला. "फोनवर तू तोंड लपवतेस."

मास्तरांनी या वेळी नोंदवहीत त्याचं पूर्ण नाव चढवलं. नळी अर्धा तास उभी राहिली. ताईने ती तिरकी करून बघितली, रक्त गोठलं होतं, हलत नव्हतं. मग फिरतं यंत्र, मग जेल, मग वीज, मग निळा रंग. ही कामं ती झोपेतसुद्धा करू शकली असती. आज तिने प्रत्येक पायरीवर मास्तरांना विचारलं, "बरोबर आहे ना?" आणि मास्तर प्रत्येक वेळी हो म्हणाले. नळी त्यांनी आपल्या खिशात ठेवली होती.

बारक्या स्टुलावर बसला होता, कमरेला हात लावून. "माझ्या हातून काय झालं म्हणून ती पेशी माजते?" त्याने एकदा विचारलं.

"काही नाही. कुणाच्याच हातून काही होत नाही."

"मग बरं," तो म्हणाला.

रंगातून काढलेली पट्टी सुरुवातीला सगळीच निळी असते, त्यात काही कळत नाही. धुवत राहायचं, मग रिकामी जागा हळूहळू पांढरी होते आणि जे आहे तेवढंच निळं उरतं. ताईने पाणी बदललं. पुन्हा बदललं. हमाल आधी वर आला, सगळ्या रांगांत एका ओळीत. मग मधली मंडळी. मग लोह वाहणारा. तिसरी रांग बारक्याची. तिचा हात द्रावात तसाच बुडालेला राहिला. बारक्या पट्टीकडे बघत नव्हता. त्यातलं त्याला काही कळणार नव्हतं. तो तिच्या तोंडाकडे बघत होता.

तिने पट्टी काचेवर ठेवली. दिवा लावला. लोह वाहणारा संपला, आणि त्यापुढे धूसर, पसरट, कुठेही न थांबणारा फराटा. बाकी काही नाही. एक रेघसुद्धा नाही.

तिला बोलायचं होतं. तोंड उघडलं तर नुसता हुंदकाच बाहेर पडला, आणि मग नऊ दिवसांचं सगळं एकदम आलं. टेबल धरून ती गदगदा रडायला लागली.

बारक्या उठला. त्याचा चेहरा एका क्षणात राखेसारखा झाला, पण त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि जड हाताने थोपटायला लागला.

"असू दे," तो म्हणाला. "असू दे गं ताई. तू रडू नकोस."

तिने जोरजोराने मान हलवली. त्याला वाटलं, हिला ऐकवत नाही.

"नाही, ऐक. बायकोला मी सांगेन, तिला थोडं कळलंय. पण पोरीला तू सांग. मला नाही जमणार तिच्याकडे बघून. तू सगळ्यांना नीट समजावून सांगतेस, तुला जमेल. आणि तिला खोटं नको सांगूस हं, की बाप कुठे कामाला गेलाय वगैरे. ती वाट बघत बसेल. सांगशील ना तू?"

ताईने त्याचा अंगठा पकडला, घट्ट्यांनी दगडासारखा झालेला, आणि ओल्या पट्टीवर, तिसऱ्या रांगेत, त्या रिकाम्या जागेवर दाबला. "इथे," ती कशीबशी म्हणाली. "इथे होता. आता नाहीये. काही नाहीये रे तुला."

त्याला कळलं नाही. त्याने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर म्हणाले, "नाहीये. कमरेसाठी हाडांच्या डॉक्टरकडे जा, ते दुखणं दुसरं आहे. पण हे नाही."

बारक्या खाली फरशीवर बसला. पाय पसरून, लहान मुलासारखा. "पुन्हा सांग," तो ताईला म्हणाला. तिने सांगितलं. त्याने तिच्याकडून ते चार वेळा वदवून घेतलं. तीही खाली त्याच्याजवळ बसली. मग त्याने तोंड पुसलं आणि तिच्याकडे न बघता म्हणाला,

"नऊ दिवस, ताई."

"चुकलं माझं."

"पुढच्या वेळी वाईट असलं तरी त्याच दिवशी सांगायचं. त्याच दिवशी."

"सांगेन," ती म्हणाली. तिने ते लगेच म्हटलं, त्याचा हात धरून म्हटलं, आणि म्हणता म्हणताच तिला पुन्हा भीती वाटली, कारण ते आपल्याला जमेल की नाही हे तिला खरोखर माहीत नव्हतं.